भट्टी बंद होतेय ती खरंच कार्बनमुळं का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. तुमचे मोठे भाऊ गुलबर्ग्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात १९ वर्षं कामाला आहेत. तिथली जुनी भट्टी बंद करणार असं साहेबांनी बैठकीत सांगितलं आणि कारण दिलं 'सरकारचा नवा कार्बनचा नियम'. कामगारांत मात्र वेगळीच बोलवा आहे: भट्टी बंद केली की कंपनीला कोट्यवधींची कार्बन क्रेडिटं मिळतात, म्हणून हा सगळा घाट. भावापुढं स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवलाय. आणि तुम्ही स्वतः अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहात, तर उद्या हेच आमच्यावर येणार का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

बघा, साहेब म्हणतात नियम महाग पडतो म्हणून बंद, कामगार म्हणतात नियमातून पैसा सुटतो म्हणून बंद. ऐकताना दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. गंमत अशी की एका विशिष्ट परिस्थितीत दोन्ही एकाच वेळी खऱ्या ठरतात, आणि ती परिस्थिती भावाच्या कारखान्यात आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. भावाला एवढंच विचारा: जुन्या भट्टीशेजारी त्याच आवारात दुसरी, नवी भट्टी आहे का? बाकीचं उत्तर बरंचसं त्यावर फिरतं.

मी सोलापूरचाच, एनर्जी ऑडिटर. २०१२ मध्ये केंद्राची 'पॅट' योजना सुरू झाली तेव्हापासून सिमेंट आणि कागद कारखान्यांची मोजमापं करतोय. पॅटमध्ये पहिल्या फेरीला ८ उद्योगांतले ४७८ कारखाने होते. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा वाचवली की प्रमाणपत्रं मिळायची, कमी पडलात की ती बाजारातून विकत घ्यायची. आताची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना त्याच घराण्यातली. ती जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला पहिल्या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्यं मिळाली. त्यातले १८६ सिमेंटचे. बाकीचे कागद, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि ॲल्युमिनियमचे.

हा नियम नेमका काय मोजतो ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज इथंच होतात. सरकार कारखान्याला 'वर्षाला एवढाच धूर काढायचा' असं सांगत नाही. सांगतं ते असं: एक टन माल बनवताना एवढ्यापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड काढायचा नाही. लक्ष्य टनामागे आहे, एकूण नाही. २०२३-२४ चं कारखान्याचं स्वतःचं उत्सर्जन पाया धरलंय आणि त्यावरून २०२५-२६ व २०२६-२७ ची लक्ष्यं ठरलीत. म्हणजे जुन्या कारखान्याला जुन्याच्या मानानं सैल लक्ष्य, नव्याला नव्याच्या मानानं घट्ट. वर्षअखेरीला टनामागे जेवढी बचत झाली, तिला उत्पादनानं गुणायचं. येईल तेवढी क्रेडिटं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. उलट टनामागे जास्त निघालं असेल तर त्याच गुणाकारानं क्रेडिटं विकत घ्यायची. घेतली नाहीत तर त्या फेरीतल्या सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई.

आता यात 'बंद' टाकून बघा. पूर्ण कारखाना बंद केला तर उत्पादन शून्य, गुणाकार शून्य, क्रेडिटं शून्य. गाठीशी आधीच्या वर्षांची शिल्लक क्रेडिटं असतील तर ती विकता येतील, पण बंद करण्याबद्दल नवीन काही मिळत नाही. तेव्हा 'कारखाना बंद करून क्रेडिट विकणार' ही बोलवा पूर्ण कारखान्यापुरती तरी खोटी आहे.

पण एक भट्टी बंद करणं वेगळं. लक्ष्य दिलेलं असतं ते अख्ख्या कारखान्याला, भट्टीला नाही. २०१५ च्या सुमारास एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) मला युनिट हेडनी केबिनमध्ये बोलावून हाच हिशोब करायला सांगितला होता. जुनी लाइन (म्हणजे भट्टी आणि तिच्याबरोबरची यंत्रं) थांबवली तर आपली प्रमाणपत्रं वाढतात का, एवढंच विचारलं. मी कागदावर आकडे मांडले, त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवला आणि चहा मागवला. ती लाइन पुढं तीन वर्षं चालली. का चालली ते खालच्या हिशोबात कळेल. आकडे समजण्यासाठी मी मानलेले आहेत, भावाच्या कारखान्याचे नाहीत.

समजा दोन भट्ट्या आहेत. दोन्हींच्या जोरावर प्रत्येकी १० लाख टन सिमेंट निघतं. जुन्या लाइनला टनामागे ०.६५ टन कार्बन डायऑक्साइड, नव्या लाइनला ०.५५. सरासरी ०.६०. सरकारनं लक्ष्य दिलं ०.५८. दोन्ही चालू ठेवल्या तर टनामागे ०.०२ चा तुटवडा, गुणिले २० लाख टन, म्हणजे ४०,००० क्रेडिटं विकत घ्यायची. क्रेडिटचा भाव ८०० रुपये धरला तर ३ कोटी २० लाख. आता जुनी बंद करा. उरली ०.५५ वाली. लक्ष्य तेच ०.५८. टनामागे ०.०३ शिल्लक, गुणिले १० लाख, म्हणजे ३०,००० क्रेडिटं विकायला मिळाली. २ कोटी ४० लाख आत. जायचे ते ३ कोटी २० लाख वाचले आणि २ कोटी ४० लाख आले. फरक ५ कोटी ६० लाखांचा. साहेबांचं 'नियम महाग पडतो' आणि कामगारांचं 'क्रेडिटं मिळतात' या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत.

५ कोटी ६० लाख ऐकायला मोठे वाटतात. ते जुन्या लाइनच्या १० लाख टनांवर पसरा. टनाला ५६ रुपये. टनात ५० किलोची २० पोती, म्हणजे पोत्यामागे २ रुपये ८० पैसे. जुनी भट्टी सगळा खर्च जाऊन पोत्यामागे १० रुपये जरी कमवत असेल तरी कार्बनपायी तिला कुणी हात लावणार नाही. पोत्यामागे दीड-दोन रुपयेच सुटत असतील तर मात्र कार्बनचा नियम पारडं झुकवतो. माझ्या त्या युनिट हेडचं असंच होतं. लाइन जुनी होती, पण पोत्यामागे बरे पैसे देत होती, म्हणून कागद खिशातच राहिला.

म्हणजे कार्बनचा नियम सुदृढ भट्टी मारत नाही. आधीच खाटेवर असलेल्या भट्टीचा दिवस तो जवळ आणतो.

भावावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. बऱ्याच सिमेंट कंपन्यांकडं एकापेक्षा जास्त कारखाने असतात. एकाच आवारात दुसरी भट्टी नसली तरी कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या नव्या कारखान्यात माल वळवता येतो. तिथं टनामागे बचत होत असेल तर तिथलं उत्पादन वाढलं की क्रेडिटंही वाढतात. इथं बंद केल्याबद्दल काही मिळत नाही, पण तिथं जास्त बनवल्याबद्दल मिळतं. कागदावर कुणी 'बंद केल्याचा फायदा' असं लिहीत नाही. तो समूहाच्या ताळेबंदात मुरतो.

आणि मागणी कमी म्हणून जुनी भट्टी अर्ध्या क्षमतेनं चालवली तर ती आणखी वाईट आकडे देते. भट्टीच्या कवचातून उष्णता जायची ती जातेच, माल निम्मा निघाला तरी. नवीन सहा पायऱ्यांच्या प्रीहीटरची (माल भट्टीत जाण्याआधी तापवणारी यंत्रणा) भट्टी किलोभर क्लिंकरला (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) ७०० ते ७५० किलोकॅलरीत भागवते, जुन्या चार पायऱ्यांच्या भट्ट्या मी ८०० च्या वर मोजल्यात, आणि थांबत-थांबत चालवल्या तर आकडा सांगायला लाज वाटावी. वर चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आहेच, क्लिंकरच्या टनामागे साधारण ०.५२ टन. तो रसायनशास्त्राचा आहे, इंधन कितीही वाचवलं तरी तेवढा निघणारच. त्यामुळं सिमेंटवाल्यांच्या हातात खेळायला जागा कमी असते, आणि जुनी लाइन कारखान्याची टनामागची सरासरी वर चढवते हे व्यवस्थापनाला रोज दिसतं.

कामगारांची 'बंद करून पैसा' ही समजूत हवेतून आलेली नाही. तिची मुळं युरोपात आहेत. तिथं २००५ ला बाजार सुरू झाला तो वेगळ्या पद्धतीनं. वर्षाला एकूण किती टन काढायचे त्याची कमाल मर्यादा, आणि कारखान्यांना त्यातला वाटा परवान्यांच्या रूपात बराचसा फुकट. मग प्रश्न उभा राहिला: कारखाना बंद झाला तर फुकटचे परवाने कुणाचे? बहुतेक देशांनी सांगितलं, परत घेणार. नेदरलँड्स आणि स्वीडननं सांगितलं, त्या टप्प्याच्या शेवटापर्यंत ठेवा. जर्मनीनं मधला मार्ग काढला, जुना बंद करून नवा उभारला तर जुन्याचे परवाने नव्याकडं न्या.

या एका कलमानं मालकाचं डोकं कसं फिरतं बघा. बंद केल्यावरही परवाने राहणार असतील तर बंद करून ते विकणं हा धंदा होतो. परत जाणार असतील तर मालक तोट्यातला कारखानाही रेटत राहतो, कारण बंद केला की फुकटचा माल गेला. २०१३ पासून युरोपनं यावर उंबरठे लावले. उत्पादन ठरलेल्या पातळीच्या निम्म्याखाली गेलं की परवाने निम्मे, चतुर्थांशाखाली गेलं की चतुर्थांश, दहाव्या हिश्श्याखाली गेलं की काहीच नाही. झालं काय, तर मंदीतल्या सिमेंट कंपन्यांनी आपले कारखाने बरोबर निम्म्याच्या थोडं वर चालवले. एक कारखाना पूर्ण चालवून दुसरा बंद ठेवणं शहाणपणाचं होतं, पण दोन्ही अर्धवट चालवले आणि जास्तीचं क्लिंकर बाहेरदेशी विकलं. अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीवरून हे दाखवून दिलं. शेवटी २०२१ पासून नियम बदलला: दोन वर्षांच्या सरासरी उत्पादनात १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला की परवानेही तसे कमी-जास्त.

त्याहून विचित्र प्रकार क्योटो कराराच्या काळातला. एका थंडावा देणाऱ्या वायूच्या उत्पादनात एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारा. तो जाळून टाकला की क्रेडिटं मिळायची, आणि क्रेडिटं एवढी की मूळ मालापेक्षा कचराच महाग झाला. जे कारखाने आवरते घ्यायला हवे होते ते कचऱ्यासाठी चालू राहिले. युरोपनं मे २०१३ पासून ती क्रेडिटं घेणंच बंद केलं. आपल्याकडं क्रेडिट म्हटलं की लोकांना कुबेराचा खजिना आठवतो तो या काळातला. सध्याची भारतीय योजना तशी नाही.

कार्बन नियमांचा एक फटका मात्र आपल्याकडं कुणी फारसा बोलत नाही, तो रोख पैशाचा. २०१९ ला इंग्लंडमधल्या ब्रिटिश स्टीलचं काय झालं ते आठवा. तिथं नव्या वर्षाचे फुकट परवाने फेब्रुवारीत मिळायचे आणि मागच्या वर्षाचे एप्रिलअखेर भरायचे, त्यामुळं कारखाने पुढच्या वर्षाचे परवाने वापरून मागचं देणं फेडायचे. ब्रेक्झिटच्या गोंधळात त्या वर्षी परवानेच आले नाहीत. सरकारनं सुमारे १२ कोटी पौंडांचं कर्ज देऊन ते देणं भागवलं, तरी २२ मे २०१९ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. कारखाना कार्बनमुळं आजारी पडला नव्हता. पण आधीच श्वास लागलेल्याला एकदम जिना चढायला लावल्यासारखं झालं. आपल्याकडंही तुटीतल्या कारखान्याला वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा क्रेडिटं घ्यावी लागणार आहेत. बँकेची मर्यादा आधीच संपलेल्या कारखान्याला २-३ कोटीही त्या महिन्यात जड जातात.

भावाच्या भट्टीबद्दल माझा संशय कार्बनवर सगळ्यात शेवटी जाईल. आधी मी चुनखडीकडं बघेन. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला. त्याआधीच्या, स्वतःच्या कारखान्यासाठी घेतलेल्या खाणपट्ट्यांना ३१ मार्च २०३०, किंवा नूतनीकरणाची मुदत, किंवा पट्टा दिल्यापासून ५० वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवरच मुदत आहे. मग लिलाव. ज्याचा पट्टा २०३० ला संपतोय तो मालक जुन्या भट्टीत नवीन प्रीहीटर, नवीन कूलर घालायला पैसा काढत नाही. आणि पैसा काढला नाही की तीच भट्टी कार्बनच्या मापात दर वर्षी आणखी मागं पडते. साहेब बैठकीत खाणपट्ट्याचं सांगणार नाहीत. सरकारच्या नियमाचं नाव घेणं सोपं, त्यावर कुणी घोषणा देत नाही.

सोलापूरकरांना हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. १८७७ ची आपली जुनी मिल साठच्या दशकात थंडावली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. तेव्हा कार्बन हा शब्द आपण फक्त टायपिंगच्या कागदासाठी वापरत होतो. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, कर्जं, भांडणं, यातच त्या गेल्या. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली ती विमानतळासाठी, तरी माझ्या एका मावसभावानं मला फोन करून विचारलं होतं, 'कार्बनवाल्यांनी पाडायला लावली का ओ?' जिल्ह्यातले साखर कारखाने या योजनेत नाहीत, फताटेवाडीचं एनटीपीसीचं वीजकेंद्रही नाही. तिथं काही थांबलं तर कारण दुसरीकडं शोधा.

उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. होटगीकडं सिमेंट दळायचे कारखाने आहेत, क्लिंकर गुलबर्ग्याकडून रेल्वेनं येतं आणि फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, शेजारच्या वीजकेंद्रातून. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटात ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश चालते. जितकी ती जास्त, तितकं क्लिंकर कमी, तितका टनामागचा कार्बन कमी. जो नियम जुन्या भट्टीला डसतोय तोच राखेजवळच्या ग्राइंडिंग युनिटला हात देतोय. भावाच्या कंपनीचं असं एखादं युनिट इकडं असेल तर स्वेच्छानिवृत्तीपेक्षा बदली मागून बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बंद खरंच होणार की नुसती भीती घालून माणसं कमी करायची आहेत, हे कसं ओळखायचं? माझी खूण साधी आहे. दरवर्षीच्या शटडाऊनला भट्टीत नवीन विटा लावल्या का ते भावाला विचारा. विटांचं काम टाळून ठिगळं लावताहेत, जुन्या लाइनचे गिअरबॉक्स आणि मोटारी काढून नव्या लाइनला लावताहेत, चुनखडीच्या खाणीत नवीन बेंच (खोदायचा टप्पा) उघडत नाहीत, तर भट्टी जाणार हे धरून चाला. उलट वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करायचं युनिट बसवताहेत किंवा पर्यायी इंधनाची शेड बांधताहेत, तर बैठकीतलं भाषण फारसं मनावर घेऊ नका. स्टोअरवाल्याला सगळं माहीत असतं. त्याच्याबरोबर एक चहा प्यायला सांगा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मी वकील नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला बंद करायचं तर ९० दिवस आधी सरकारकडं परवानगीचा अर्ज करावा लागतो. आणि कारखान्याचा काही भाग कायमचा बंद करणं हेही कायद्याच्या व्याख्येत बंदच. अर्जात कारण द्यावं लागतं. तिथं 'कार्बनचा नियम' लिहिलं असेल तर युनियननं लक्ष्य किती, गेल्या वर्षी टनामागे किती निघालं आणि किती क्रेडिटं कमी पडली, हे तीन आकडे मागावेत. तीन आकडे आले की वरचा गुणाकार कुणालाही करता येतो. बंद झाल्यास भरपाई दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ग्रॅच्युइटी त्याशिवाय. १९ वर्षांचे म्हणजे भरपाईचे २८५ दिवस, साडेनऊ महिन्यांचा पगार. स्वेच्छानिवृत्तीत यापेक्षा बरंच जास्त देत असतील तरच ती बघण्यासारखी. आणि 'अर्ज झालाय का' याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. अर्ज न करताच सह्या गोळा होत असतील तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेल.

आता तुमचं टॉवेलचं. कापड उद्योग योजनेच्या नऊ क्षेत्रांत आहे खरा, पण नजर मोठ्या कारखान्यांवर आहे. पॅटमध्ये कापडाला वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेचा उंबरठा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ७,५०० टन कोळसा, रोजचे २०-२२ टन. आपल्याकडच्या टॉवेलवाल्यांत, प्रोसेस हाऊसचा बॉयलर धरूनही, एवढं जाळणारे किती आहेत ते तुम्हीच मोजा. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून पैशांत लागू झाला, तो लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांवर. टेरी टॉवेल त्यात नाही. परदेशी गिऱ्हाईक फॉर्म पाठवून 'एका टॉवेलमागे कार्बन किती' विचारतंय, ते खरं आहे, आणि त्यासाठी विजेची बिलं व बॉयलरच्या लाकडाचा-कोळशाचा हिशोब महिनावार नीट ठेवा एवढं मालकाला सांगा. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के आयातशुल्क लावल्यावर आपल्या पेठेत जी धावपळ झाली, तशी कार्बननं तुमच्याकडं इतक्यात होणार नाही.

भावाकडून दोन गोष्टी कळल्या की परत लिहा: दुसरी भट्टी आहे का, आणि खाणपट्टा कधी संपतो. लक्ष्याचा आकडा अधिसूचनेत कारखान्याच्या नावासमोर छापलेलाच आहे, तो मी काढून ठेवतो.